आपण की आम्ही?

उज्जैनमध्ये दक्षिणेकडच्या कुठल्याही माणसाला अजूनही सर्रास 'मद्रासी' म्हणतात. माझी मुलगी नोकरीनिमित्त हैदराबादला आहे आणि पुतण्या चेन्नईला, पण आमच्या शेजाऱ्यांच्या लेखी दोघंही 'मद्रास साइड'लाच. तमिळ आणि तेलुगू ही एकाच भाषेची दोन नावं, असा इथे पक्का समज. पुतण्याला चेन्नईत नेमका उलटा अनुभव येतो. त्याच्या ऑफिसात अनेकांना वाटतं की मराठी हा हिंदीचाच एक प्रकार. लिपी एक, शब्द बरेचसे एक, मग वेगळं ते काय? तो चिडतो. पण 'वेगळी आहे' यापुढे त्याला काही सांगता येत नाही, आणि त्यामुळे तो आणखीच चिडतो.

दिवाळीत दोघं घरी आली तेव्हा हा विषय निघाला आणि फराळाबरोबर चार दिवस पुरला. मी जन्मभर शाळेत हिंदी शिकवली, घरी मराठी बोलले आणि बाजारात माळवी ऐकत आले. तमिळ-तेलुगू मला येत नाही. त्या भाषांबद्दल जे लिहिते आहे ते या दोघांकडून ऐकलेलं आणि नंतर पुस्तकांत पडताळून घेतलेलं आहे.

आधी दोघांनी आकडे म्हणून दाखवले. बोलीतली तमिळ म्हणते ओन्नु, रेंडु, मूणु, नालु, अंजु, आरु. तेलुगू म्हणते ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु. इथवर ऐकून कुणीही म्हणेल, अरे, या तर बहिणी! पण आठ म्हणजे तमिळमध्ये एट्टु आणि तेलुगूत एनिमिदि. 'ये' म्हणायचं तर तमिळ 'वा' म्हणते, तेलुगू 'रा'. घर म्हणजे एकीत 'वीडु', दुसरीत 'इल्लु'. चेन्नईच्या माणसाला हैदराबादेत पाटीही वाचता येत नाही, कारण लिपी निराळी. कूळ एकच, द्राविड, पण भाषाशास्त्रज्ञ दोघींना एका शाखेत बसवत नाहीत. तमिळच्या जवळच्या नात्यात मल्याळम आणि कन्नड येतात, तर तेलुगूच्या शाखेत गोंडी. हो, तीच गोंडी जी आपल्या मध्य प्रदेशात मंडला, छिंदवाडा, बैतूलकडे बोलली जाते. म्हणजे हैदराबादच्या भाषेची नात्यातली बहीण शोधायला चेन्नईला जायला नको, बैतूलला उतरलं तरी चालेल. हे ऐकून मुलीनं लाडू खाली ठेवला.

लिपीतही मजा आहे. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. त्यामुळे 'गांधी' लिहिलं तर अक्षरांनुसार ते 'कांति' वाचता येतं. वाचणारा आपलं आपण समजून घेतो. तेलुगूची वर्णमाला मात्र आपल्यासारखी ओळीनं क-ख-ग-घ. आणि एक अक्षर असं, जे त्या दोघींकडे आहे, आपल्याकडे आहे आणि हिंदीकडे नाही. तो म्हणजे ळ. म्हणूनच आपण 'तमिळ' लिहितो आणि हिंदीवाले 'तमिल'. (खुद्द तमिळ लोक त्या शेवटच्या अक्षराचा उच्चार आपल्या ळहूनही निराळा करतात, जीभ आणखी मागे वळवून. पुतण्याला अजून तो जमलेला नाही.)

खरी चर्चा रंगली ती लिंगावर. तमिळमध्ये तो आला 'वंदान', ती आली 'वंदाळ', ते आलं 'वंददु'. मराठीसारखीच तीन खणांची मांडणी. तेलुगूत एकवचनात दोनच खण: पुरुष एकीकडे आणि बाकी सगळं दुसरीकडे. तो आला तर 'वच्चाडु', पण ती आली तरी 'वच्चिंदि' आणि बस आली तरी 'वच्चिंदि'. माझ्या मुलीला हे पहिल्या महिन्यात भलतंच झोंबलं होतं. अनेकवचनात मात्र बायका माणसांत येतात: माणसं आली 'वच्चारु', वस्तू आल्या 'वच्चायि'. आदरानं बोलतानाही तेच माणसांचं अनेकवचन वापरतात, त्यामुळे ऑफिसात निदान क्रियापदापुरता तिला मान मिळतो.

या दोन्ही भाषांची एक सोय आपल्याला नाही. तिथे लिंग अर्थावरून ठरतं. पलंग, खुर्ची, टेबल या निर्जीव वस्तू, सगळ्या एकाच खणात. आपल्याकडे पलंग तो, खुर्ची ती आणि टेबल ते, आणि का म्हणून विचाराल तर उत्तर नाही. मूल आईच्या कडेवर बसून ऐकतं आणि शिकतं, एवढंच. आणि उज्जैनच्या घरांमध्ये नेमकं हेच ऐकणं कमी झालं आहे.

आमची धाकटी पुतणी दहावीत आहे. ती घरात मराठीच बोलते, त्याबद्दल तिचं कौतुकच आहे. पण ती 'माझी नाक गळते आहे' म्हणते. 'पुस्तक ठेवली', 'चहा झाली', 'आवाज आली' म्हणते. शब्द सगळे मराठी, लिंग सगळी हिंदी. हिंदीत नाक, किताब, चाय, आवाज़ या साऱ्या स्त्रिया. आपल्याकडे चहा आणि आवाज पुरुष, नाक आणि पुस्तक नपुंसक. हिंदीला हा तिसरा खणच नाही. माळवीलाही नाही, राजस्थानीलाही नाही. मराठीनं, कोकणीनं आणि गुजरातीनं मात्र तो सांभाळून ठेवला. त्यामुळे मराठीत बाळ 'रडतं'. ते मुलगा की मुलगी हे माहीत नसलं तरी वाक्य अडत नाही. तमिळमध्येही मुलासाठीचा शब्द 'कुळंदै' असाच 'ते'च्या खणात जातो, हे पुतण्याकडून कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

लिंगाच्या चुकीवरून आपल्या गावात फार पूर्वी एक प्रसंग रंगला होता, नाटकात का होईना. शूद्रकाचं 'मृच्छकटिक' उज्जयिनीत घडतं. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे आजीच्या पिढीला चारुदत्त-वसंतसेना तोंडपाठ. त्यातला चंदनक नावाचा शिपाई रस्त्यात चारुदत्ताची गाडी तपासतो. आत लपलेला असतो पळून आलेला आर्यक. चंदनक त्याला अभय देतो, बाहेर येतो आणि बोलताना आधी पुल्लिंगी 'आर्य' म्हणून जातो, मग घाईनं 'आर्या' करतो, म्हणजे आत वसंतसेना आहे असं भासवतो. त्याचा जोडीदार वीरक लगेच ते पकडतो. तेव्हा चंदनक सबब काय सांगतो? आम्ही दक्षिणेकडची माणसं, आमचं बोलणं अस्पष्टच. नाना देशांच्या भाषा कानांवर पडलेल्या, आम्ही पुल्लिंग-स्त्रीलिंग वाटेल तसं बोलतो. त्या देशांच्या यादीत कर्णाट, द्रविड, चोल अशी नावंही तो ठोकून देतो. उज्जैनच्या रस्त्यावर दक्षिणी माणसाचं लिंग चुकणं इतकं नेहमीचं असावं की त्या सबबीवर एक माणूस वाचवता येईल! नाटकाचा टीकाकार पृथ्वीधर याच्या मते हे दोघं शिपाई अवंतीची बोली बोलतात आणि त्या बोलीत 'र' पुष्कळ, म्हणी पुष्कळ. म्हणींचं तर आजही खरं आहे. माळवी माणसाला सरळ उत्तर द्यायला सांगा, तो एक म्हण सांगेल.

माळवीबद्दल थोडं लिहायला हवं, कारण आपल्यापैकी बरेच जण तिला 'गावठी हिंदी' समजून सोडून देतात. ग्रियर्सननं भाषांचं सर्वेक्षण केलं तेव्हा तिला राजस्थानी गटात ठेवलं होतं. जनगणनेत ती आज हिंदीच्या खाली मोजली जाते आणि २०११ मध्ये सुमारे ५२ लाख लोकांनी तीच आपली मातृभाषा असल्याचं नोंदवलं. तिच्यात एक घोडा म्हणजे 'घोडो' आणि अनेक घोडे म्हणजे 'घोडा'. मराठी माणूस 'घोडा' ऐकून एक समजतो आणि माळवी माणसाच्या मनात तबेला असतो.

हिंदी-मराठीत असे फसवे शब्द किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. हिंदीतली शिक्षा शाळेत मिळते, मराठीतली कोर्टात. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. हिंदीत संशोधन होतं कायद्याचं, आपल्याकडे प्रयोगशाळेत. वर्गात मी यावर पोरांना खूप हसवलं आहे. पण शब्द चुकला की लगेच समजतं, हसू येतं आणि विषय संपतो. शब्दांपेक्षा आतली घडी बदलते तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

मागच्या माघात, तिळी चतुर्थीच्या आदल्या रात्री, आमची पुतणी आजीजवळ बसली होती. आजी म्हणजे माझ्या सासूबाई, वय शहाऐंशी. पुतणी म्हणाली, "आजी, आम्ही उद्या सकाळी चिंतामण गणपतीला जाणार आहोत, मग बाहेरच जेवणार." सकाळी सगळे तयार होऊन खाली आलो तर सासूबाई घरच्याच लुगड्यात, आणि गॅसवर एकटीपुरता वरईचा भात. "चला आई," म्हटलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे? काल ही म्हणाली ना, आम्ही जाणार म्हणून." पुतणीला काही कळेना. मग तिचे डोळे भरून आले. "आजी, मी तुलाच तर सांगत होते!"

तिच्या मनात 'हम' होतं. आजीच्या कानांत 'आम्ही' पडलं. हिंदीतल्या 'हम'मध्ये ऐकणारा आत आहे की बाहेर हे कळायला मार्ग नाही. मराठीत तो पहिल्याच शब्दाला कळतो. 'आपण' जाणार म्हणजे तूही चल. 'आम्ही' जाणार म्हणजे तू घरी. सासूबाई रागावल्या नव्हत्या, रुसल्याही नव्हत्या. त्यांना रात्री जे सांगितलं गेलं तेच त्यांनी ऐकलं होतं आणि त्याप्रमाणे तांदूळ निवडून ठेवले होते.

हा प्रसंग मी दिवाळीत सांगितला तेव्हा चेन्नईवाला आणि हैदराबादवाली एकाच वेळी बोलू लागले. तमिळमध्ये हा फरक अगदी असाच आहे. ऐकणाऱ्याला धरून 'नाम्', वगळून 'नांगळ्'. तेलुगूतही आहे, धरून 'मनमु', वगळून 'मेमु'. दोघी बहिणी आकड्यांत आणि लिंगांत एकमेकींपासून लांब गेल्या, पण ही गोष्ट दोघींनी सोडली नाही. पुतण्यानं हे परत गेल्यावर ऑफिसात सांगितलं. मराठी हिंदीपेक्षा वेगळी कशी, याचं उत्तर त्याला तमिळनंच मिळवून दिलं. ऐकणाऱ्यांना ते पटकन पटलं, कारण हिंदी शिकताना त्यांची स्वतःची हीच अडचण झाली होती.

मराठीत ही सोय द्राविड भाषांच्या शेजारामुळे टिकली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तशीच दुसरी जागा म्हणजे आपलं 'म्हणून'. 'तो येतो म्हणून म्हणाला' या वाक्यात बोलणं आधी येतं आणि 'म्हणून' त्याला मागून गाठ मारतं. तेलुगूत 'अनि', तमिळमध्ये 'एन्रु' हेच काम करतात, आणि त्यांचाही मूळ अर्थ 'म्हणून', म्हणजे 'असं बोलून', असाच. हिंदीत 'कि' आधी येतं, बोलणं नंतर. आजीनं त्या सकाळी 'आम्ही जाणार म्हणून' म्हटलं ना, ती रचना अशी दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे. विश्वनाथ खैरे यांनी तर संस्कृत, मराठी आणि तमिळ यांच्या नात्याला 'संमत' असं नाव देऊन आयुष्यभर त्यावर लिहिलं. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती मला पटत नाहीत, पण मराठीकडे पाहताना मान फक्त उत्तरेकडे वळवू नये, हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. अक्का, अण्णा या हाका तरी आपण कुठून आणल्या?

गंमत अशी की 'आपण-आम्ही'चा अर्धा भाग उज्जैनच्या रस्त्यावरही ऐकू येतो. पटनी बाजारात, छत्री चौकात कान देऊन ऐका. 'अपन चलते हैं', 'अपन ने तो पहले ही कहा था.' पुस्तकी हिंदीत नसलेला हा 'अपन' माळव्याच्या बोलण्यात भरलेला आहे. कधीकधी त्याचा अर्थ नुसता 'मी' असाही होतो, त्यामुळे तो मराठी 'आपण'ची हुबेहूब नक्कल नाही. पण पुतणीला समजावताना तोच कामी आला. मी म्हटलं, मैत्रिणीला 'अपन' म्हणशील तिथे आजीला 'आपण' म्हण. तिला एका मिनिटात समजलं. व्याकरणाच्या पुस्तकातून तिला ते समजलं असतं का, याची मला शंकाच आहे.

अनेक भाषांमध्ये राहणं हे काही आपल्या पिढीचं नवं संकट नाही. तंजावरला तमिळ प्रजेवर आधी नायकांचा तेलुगू दरबार होता आणि मग सतराव्या शतकात भोसले आले. त्या घराण्यातल्या शाहजी राजांनी 'पंचभाषाविलास' नावाचं नाटक रचलं. त्यात संस्कृतबरोबरच तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या नायिका आपापल्या भाषेत बोलतात. कुणी कुणाची भाषा सोडत नाही आणि नाटक पुढे चालतं. तंजावरच्या मराठी घरांनी तीनशेहून अधिक वर्षांनंतरही घरात मराठी ठेवली, जरा जुनी, तमिळच्या वळणाची, पण ठेवली.

आपण माळव्यात आलो ते शिंद्यांच्या आणि होळकरांच्या मागे. राणोजी शिंद्यांची राजधानी उज्जैन, आणि महाकालाचं आजचं देऊळ उभारलं ते त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवला, पण मराठी घरं इथेच राहिली. त्या घरांनी हिंदीला काय दिलं ते पाहायचं तर १९४३ चं 'तारसप्तक' उघडावं. आधुनिक हिंदी कवितेला वळण देणाऱ्या त्या संग्रहातल्या सात कवींपैकी दोन मराठी घरांतले, गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, आणि दोघांनीही उज्जैनला शिकवण्याचं काम केलेलं. मुक्तिबोधांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत राहिले. कवी आणि समीक्षक म्हणून नाव मिळवलं आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मराठीसाठीच घेतला. एकाच आईबापांची मुलं, एक हिंदीचा मोठा कवी, एक मराठीचा. त्यांच्या घरात कोणती भाषा 'खरी' यावर भांडण होत असेल असं मला वाटत नाही. दोन्ही नीट येत होत्या.

हे 'नीट' मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरात कोणी सब्जी म्हटलं, बिजली गेली म्हटलं, तर मी टोकत नाही. दोनशे वर्षं माळव्याचं पाणी प्यायल्यावर तेवढं होणारच, आणि आमच्या मराठीला त्यामुळेच इथली चव आहे. पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात तेव्हा मला काही वाटत नाही. पुण्यातही हल्ली 'माझी मदत कर' ऐकू येतं. पण 'ते' गेलं आणि 'आपण' गेलं, तर उरलेले मराठी शब्द हिंदीच्या खुंट्यांवर टांगल्यासारखे होतील. २०११ च्या मोजणीत मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख, तेलुगूपेक्षाही किंचित जास्त आणि तमिळपेक्षा तर बरेच. अभिजात भाषेचा दर्जा तमिळला २००४ मध्ये, तेलुगूला २००८ मध्ये आणि आपल्याला २०२४ मध्ये मिळाला. आनंदच आहे. पण दिल्लीच्या त्या निर्णयानं आमच्या पुतणीचं नाक काही नपुंसकलिंगी झालं नाही. ते काम घरातच करावं लागतं.

सध्या ते सासूबाईंनी हातात घेतलं आहे. रात्री जेवताना त्या ताटातल्या आणि ओट्यावरच्या वस्तूंची नावं घेतात आणि पुतणी तो, ती की ते सांगते. दही, ते. वाटी, ती. झारा, तो. यात आता ती क्वचितच चुकते, त्यामुळे हल्ली तिनंच डाव उलटवला आहे. ती आजीला नव्या वस्तू विचारते. मोबाइल तो, लिंक ती, अ‍ॅप ते, इथवर सगळ्यांचं एकमत झालं. वायफायवर मात्र घरात दोन तट पडले. सासूबाईंच्या मते ते दिसतच नाही, तेव्हा 'ते'. माझे दीर म्हणतात, 'तो', कारण तो सारखा रुसतो. 'रील'चा निकाल अजून लागायचा आहे. ती पाहिली की ते पाहिलं? तुमच्या घरी, देवासला, धारला, रतलामला, इंदूरला, काय म्हणतात ते जरूर कळवा. पुतणीनं वहीत रकाने आखून ठेवले आहेत.